खरकट्या परातीचा उजेड

परवा नातीने एक गोल चंदेरी कापड आणलं. घडी घातली की पुरणपोळीएवढं, सोडलं की सुपाहून मोठं. मैत्रिणीला सोसायटीच्या बागेत उभी करायची, या कापडावरून तिच्या तोंडावर उजेड पाडायचा, म्हणजे फोटोत डोळ्यांखाली काळं येत नाही, असं तिने मला सावकाश, सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. मी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "यात भाकरी थापता येते का?"

ती हसली. म्हातारी काहीतरीच बोलते, असं ते हसणं होतं. म्हणून हे लिहायला बसले.

सतरा-अठराव्या वर्षी मला सगळं येत होतं. पुढे वयाबरोबर ते कमी होत गेलं. तेव्हाची मी म्हणजे दोन वेण्या, मॅट्रिकचा ताजा रिझल्ट आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "माहीत आहे" म्हणायची खोड. त्यात भर म्हणून दादाने मुंबईहून एक जुना बॉक्स कॅमेरा आणला. काळा डबाच तो. पुढे भिंग, वर बघायला छोटी काच, बाजूला एक कळ. दादाची हौस लवकर फिटली आणि डबा माझ्या गळ्यात आला. अक्षरशः गळ्यात. मी तो अडकवून विहिरीवरही जायची. पाणी शेंदायला वाकले की कठड्यावर टणकन आपटायचा, आणि शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगो, घंटा काढ ती गळ्यातली. गाय आल्यासारखं वाटतं."

आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो. पन्नास साल उलटून गेलं होतं. घरापुढे अंगण, अंगणाच्या कडेला विहीर, आणि विहिरीपलीकडे भाताची खाचरं थेट रुळांपर्यंत. मागच्या दाराशी उभं राहिलं की ठाकुर्लीच्या वीजघराची धुराडी दिसत. त्या विजेवर गाड्या धावायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे कंदिलाच्या उजेडात बघायचो. सांगायचं एवढंच, की घरात फोटो काढण्याजोगा उजेड नव्हता. जे काय करायचं ते अंगणात, सूर्य असेतोवर.

दादाचं लग्न त्याच वर्षी वैशाखात झालं होतं. वहिनी रत्नागिरीकडची, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. मला "वन्सं" म्हणायची, पण असं काही लांबवून म्हणायची की त्यात मान किती आणि थट्टा किती ते मला कळायचं नाही. तिची आई श्रावणात विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि कंबरेने बसली ती बसलीच. अंथरुणावरून उठणं संपलं. त्यात नजरही अधू होत चाललेली.

लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवायची आणि अंगभर हलव्याचे पांढरे दागिने घालायचे, ही आपली रीत. दागिने खरं तर सासरी करायचे. पण वहिनीच्या आईने दिवाळीतच निरोप धाडला होता: साडी तुमची, हलवा माझा. तिच्या हलव्याचं त्या बाजूला मोठं नाव होतं. आमच्या आईने "बरं बाई" म्हटलं. त्या "बरं बाई"त किंचित राग आणि पुष्कळ सुटका होती, कारण आमच्या आईच्या हलव्याला कधी काटा यायचा नाही. तीळ मंद निखाऱ्यावर ठेवून, त्यावर पाकाचे थेंब सोडत, बोटांनी तासन्‌तास फिरवायचे, मग एकेका दाण्यावर बारीक काटे उभे राहतात. काटा आला तर हलवा. नाहीतर नुसत्या साखरेच्या गोळ्या.

भोगीच्या दिवशी वहिनीचे मामा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन आले. झाकण उघडलं तर आत कापूस आणि कापसात दागिने. बिंदी, कंठा, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. दाणे असे काटेरी की हात लावायला भीती वाटावी.

"ताईने अंथरुणाशी शेगडी ओढून घेतली आणि बसल्या बसल्या केलंन हे," मामा म्हणाले. "बोटांची सालटं गेली. पण कुणाला हात लावू दिला नाहीन."

वहिनीने डब्याचं झाकण पुन्हा लावलं आणि त्यावर हात ठेवून बसली.

"तिचं एक मागणं आहे," मामा आईला म्हणाले. "तिला यायला जमत नाही, तर लेकीला या दागिन्यांत फोटोत तरी बघायचंय. लग्नाचा फोटो लावलाय भिंतीवर, पण त्या रांगेत तिला लेक सापडत नाही. हरभऱ्याएवढं तोंड, तेही मुंडावळ्यांच्या आड. तेव्हा चेहरा मोठा यायला हवा, हसरा यायला हवा. आणि काटा दिसायला हवा. ते दोनदा सांगितलंन."

"कल्याणला स्टुडिओ आहे," बाबा म्हणाले. बाबा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. प्रत्येक प्रश्नाला योग्य कचेरी असते असं त्यांचं मत.

"हलव्याचे दागिने घालून गाडीत बसवायची?" आई म्हणाली. "ठाकुर्ली येईपर्यंत निम्मी सून गळून जाईल. आणि तिथे जाऊन घालायचे तर बांधायला चार बायका लागतात. त्यांनी काय फोटोवाल्याच्या डोक्यावर बसायचं?"

"मी काढते," मी म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

"तुला जमेल?"

"त्यात काय आहे."

त्यात काय होतं ते आता सांगते. काळी कुळकुळीत साडी, तिच्यावर पांढरेशुभ्र दागिने आणि मधे माणसाचं तोंड. कॅमेऱ्याला एका वेळी यातलं एकच नीट दिसतं. त्यातून हळदीकुंकू संध्याकाळचं, म्हणजे सूर्य खाली आलेला. सूर्याकडे तोंड करावं तर डोळे मिटतात, पाठ करावी तर तोंडावर अंधार. हे मला ठाऊक होतं असं नाही. मला एवढंच ठाऊक होतं की कल्हईवाला नुकताच येऊन गेलाय आणि आमची मोठी परात उन्हात ठेवली की समोरच्या भिंतीवर लखलखीत कवडसा पडतो. वहिनीने सूर्याकडे पाठ करायची, समोरून परातीने उजेड टाकायचा. झालं. स्टुडिओवाले ज्याचे पैसे घेतात ते आपल्या मोरीत पडलंय, या विचाराने मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की रात्रीचं जेवण जाईना.

संक्रांतीच्या दुपारभर मी ती परात घासली. चिकटलेलं पीठ खरवडलं, चिंचेने घासली, राखेने घासली, मग दादाच्या जुन्या धोतराने पुसली. तिच्यात माझं तोंड दिसायला लागलं तेव्हा थांबले. ते तोंड किती शहाणं दिसत होतं म्हणून सांगू.

संध्याकाळी वहिनीला पारिजातकापाशी उभी केली. परात तिवईवर उभी करून मागे वरवंट्याचा टेका दिला, कारण धरायला माणूस नव्हता. दादा कचेरीतून दिवेलागणीनंतर यायचा आणि बायका सगळ्या वाण लुटण्यात गुंतलेल्या. परातीचा उजेड वहिनीच्या तोंडावर जाऊन पडला. पडला म्हणजे आदळलाच.

"वहिनी, डोळे उघड."

"उघडेच आहेत, वन्सं," ती दोन्ही डोळे गच्च मिटून म्हणाली.

काकू हळदीकुंकवाची तबकं घेऊन जाता जाता थांबल्या. "अगो, फोटो काढतेस की पोरीला भाजतेस?"

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि अख्खा रोल संपवला.

रोल धुवायला कल्याणच्या स्टुडिओत दिला. दुकानदार पान खाऊन सावकाश बोलणारा गृहस्थ होता. फोटो आणायला गेले तेव्हा त्याने पाकीट दिलं नाही. एकेक फोटो काढून काउंटरवर मांडत गेला, पत्ते मांडावेत तसा.

"ताई, ग्रहणाचे फोटो चांगले आलेत," तो म्हणाला.

वहिनीचं कपाळ आणि नाक पेटल्यासारखं पांढरं, डोळे मिटलेले, साडी अंधारात गडप. दागिने चुन्याने ओढलेल्या रेघांसारखे. एका फोटोत ती हलली होती, तिथे नुसते दागिनेच आले होते. आत माणूस नव्हतं.

"हे बाहेरचं काम नव्हे," असं म्हणून त्याने खालच्या खणातून एक वस्तू काढली. दांड्याला चंदेरी वाटी आणि वाटीत काचेचा बल्ब. "कळ दाबली की लख्ख. एक फोटो, एक बल्ब. मग तो टाकायचा, नवा लावायचा. भाड्याने नेता येईल." भाडं ऐकून मी ती वस्तू गरम असल्यासारखी परत ठेवली. त्याने दुकानाच्या दर्शनी काचेतला एक फोटो दाखवला. अशाच बल्बवर काढलेली, हलव्याचे दागिने घातलेली कोणाची तरी सून. डोळे उघडे होते, तोंड स्पष्ट होतं. मी जवळ जाऊन बघितलं. कंठा गुळगुळीत होता, शाबूदाण्याच्या माळेसारखा.

"यात काटा कुठे आहे?" मी विचारलं.

"कसला काटा?" तो म्हणाला.

एवढं एक वाक्य घेऊन मी घरी आले. आता वाटतं, त्या पूर्ण महिन्यात माझ्या तोंडून निघालेला तो एकच शहाणा प्रश्न.

घरी वहिनी दारातच उभी होती. फोटो बघून आधी ती पोट धरून हसली. आत माणूस नसलेला फोटो तर तिने काकूंना नेऊन दाखवला. मग आत गेली, आणि मी पाणी प्यायला गेले तर पत्र्याच्या डब्यापाशी बसून कापूस उलगडून बघत होती. डबा पाण्याच्या ताटात ठेवला होता, मुंग्या लागू नयेत म्हणून.

"अजून नीट आहेत," ती म्हणाली. वन्सं वगैरे काही म्हणाली नाही.

आई मागून आली. "रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. शेवटचं त्या दिवशी आपल्याकडे करू, तेव्हा पुन्हा घाल. त्यानंतर मात्र पोरांचं आणि मुंग्यांचं. हलवा काय वर्षभर राहतो?"

डब्याच्या तळाशी सुटलेले काही दाणे पडले होते. त्यातला एक मी घेतला आणि खिडकीत बसून बोटात फिरवत राहिले. समोरून उजेड आला की दाणा गोल गुळगुळीत व्हायचा. बाजूने आला की एकेका काट्याची इवलीशी सावली पडायची आणि काटे उभे राहायचे. म्हणजे ऊन बाजूने हवं. तसं वहिनीला बसवून बघितलं, तर अर्धं तोंड छान आणि अर्धं काळंठिक्कर. त्या दुसऱ्या बाजूला उजेड हवा, पण परातीसारखा अंगावर येणारा नको.

मी दोरीवरचं बाबांचं पांढरं धोतर काढलं. ते रविवारी घरी होते, म्हणून धरायलाही तेच. उजेड छान पडत होता. पण धोतर धरायला माणूस लागतो आणि माणूस उभा राहिला की बोलतो. "हे असं किती वेळ? कायद्याने याला मुदत हवी." तेवढ्यात खाडीकडून वारं आलं आणि धोतर बाबांनाच गुंडाळून बसलं. आतून आवाज आला, "अर्ज फेटाळण्यात येत आहे." धोतराचा प्रयोग संपला.

रथसप्तमीला माझ्यापाशी नवा रोल होता आणि बाकी काही नव्हतं. कल्हईची परात धुऊन वापरावी म्हटलं तर आईने तिच्यात तिळगुळाचे लाडू रचून ठेवलेले. वहिनी सजून बाहेर आली. सूर्य खाचरांवर कलला होता, बायका यायला लागल्या होत्या, आणि मी मोरीत शोधत होते. दुपारच्या भाकरीची जुनी परात तिथे तशीच पडली होती. तांदळाचं पीठ तिला चिकटून वाळलं होतं, पांढरं, मातीच्या भिंतीला पोतेरं द्यावं तसं. घासायला वेळ नव्हता. तशीच उचलली.

"ती खरकटी आहे," आई ओरडली.

"असू दे."

"दागिन्यांना लागेल."

"नाही लागत."

वहिनीला विहिरीपाशी पाटावर बसवली, ऊन तिच्या डाव्या बाजूने. समोर बादली पालथी घालून त्यावर कॅमेरा. परात टेकवायला काही मिळेना. वरवंटा आत, तिवईवर वाणाच्या वस्तू. मग मी बादलीला लागून, वहिनीच्या उजव्या अंगाला दुसऱ्या पाटावर बसले, परात उभी करून दोन गुडघ्यांत घट्ट धरली आणि हात कॅमेऱ्यासाठी मोकळे ठेवले. बसले ते थेट भाकरी थापायला बसावं तशी.

परात हलली आणि उजेड वहिनीच्या सावलीतल्या गालावर गेला. मी डोळे मिटण्याची वाट बघत राहिले. ते मिटले नाहीत. तो उजेड कवडशासारखा नव्हता. ताकासारखा होता, पातळ आणि पांढरा. तो गालावरून हनुवटीखाली गेला, साडीच्या काळ्यात उतरला आणि तिच्या घड्या दिसायला लागल्या. मी डावा गुडघा जरा उचलला, उजेड वर गेला. खाली घेतला, खाली आला. वाळलेल्या पिठाने उन्हाची सगळी नांगी काढून घेतली होती. आणि मी मूर्खासारखं ते पीठच खरवडून, चिंच लावून, दुपारभर घासलं होतं.

एकच अडचण राहिली. कंठ्याला दोन सर होते, वर बारीक दाण्यांचा, खाली टपोऱ्या दाण्यांचा. उजेड गळ्यापाशी चांगला होता आणि टपोरे दाणे खाली साडीवर लोळत होते. मी उठून कंठा सोडला, उलटा केला, टपोरा सर वर घेऊन बांधला. परत येऊन परात गुडघ्यांत धरली. जवळच्या फोटोसाठी कॅमेऱ्यात एक पट्टी ओढावी लागे, ती ओढली.

"हस ना, वहिनी."

"हसतेय." ती हसत नव्हती. ओठ ताणून बसली होती आणि डोळे डब्यात ठेवल्यासारखे. मला कळत होतं ती काय विचार करतेय. हा शेवटचा दिवस होता.

तेवढ्यात काकू फाटकातून आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गुडघ्यांतल्या परातीकडे बघितलं, पालथ्या बादलीकडे बघितलं. "अगो, बसलीच आहेस तर दोन भाकऱ्या माझ्याही टाक," त्या म्हणाल्या. "पण जरा मऊ."

वहिनी हसली. दातांनी, डोळ्यांनी, खांद्यांनी हसली, कंबरपट्ट्यातला एक दाणा तुटून पाटावर पडला. मी कळ दाबली.

पुढे रोलात जागा होती तितके काढले, पण मला ठाऊक होतं की झालंय.

कल्याणच्या दुकानदाराने या वेळी पत्ते मांडले नाहीत. एकच फोटो हातात घेतला, दाराच्या उजेडात नेला, मग आत जाऊन भिंग घेऊन आला. पान चघळायचा थांबला होता.

"कुठला बल्ब लावलात?"

"तांदळाचा," मी म्हणाले.

त्याला वाटलं ही बल्बची कुठली तरी जात असावी. "कल्याणात मिळतो?"

"घरोघर मिळतो."

मग मला राहवलं नाही आणि सगळं सांगितलं, गुडघ्यांसकट. तो हसला नाही. फोटो त्याने मोठा करून दिला, पाटीएवढा, आणि एक प्रत काचेत लावू का म्हणून विचारलं. "आमची सून काचेत बसत नाही," मी मान वर करून म्हणाले आणि निघाले. त्या दिवशी कल्याण स्टेशनचा जिना मी ज्या ऐटीत उतरले, तशी पुढे स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही चालले नाही.

पुढच्या वर्षी ठाण्याच्या आत्याने तिच्या सुनेसाठी बोलावलं. मग कल्याणहून कोणी, मग पुन्हा ठाण्याहून. गळ्यात डबा आणि काखेत परात घेऊन मी ठाण्यात तलावपाळीवरून जायची आणि पोरं "परातवाली" म्हणायची. काही घरी माझ्यासाठी परात घासूनपुसून लखलखीत काढून ठेवलेली असायची. मग मी घरच्या बाईला म्हणायची, आधी हिच्यात पीठ मळा, भाकऱ्या टाका, परात वाळू द्या, तोवर मी चहा घेते. भाकरीही मिळायची.

पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षी मामा मुद्दाम येऊन फोटो रत्नागिरीला घेऊन गेले आणि शिमग्याला परत आले. वहिनीने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि समोरच बसली. विचारायला तिला धीर होत नव्हता.

"बघितलान," मामा म्हणाले. "खिडकीशी पलंग ओढायला लावलान आणि फोटो डोळ्यांशी धरलान. बराच वेळ तो जवळ-लांब करत राहिली. मला वाटलं, गेलं फुकट, दिसत नाही हिला. मग म्हणते कशी, 'कंठा उलटा घातलाय. टपोरा सर वर, बारीक खाली. एवढी सासरची माणसं, एकालाही कळलं नाही?'"

वहिनीने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, हसण्याने की कशाने ते कळेना.

"आणि काटा?" मी विचारलं.

"तो तर नखाने मोजत बसली. एकेका दाण्यावर नख ठेवायचं आणि बघायचं. म्हणाली, बरा आलाय. आता फोटो उशाशीच असतो. कोणी आलं की दाखवते. आधी लेक दाखवते, मग काटा, मग कंठा उलटा आहे ते."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, आणि मोरीत भांडीवाली बाई परात घासत होती तो आवाज थांबला.

वहिनीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "वन्सं," ती नेहमीसारखं लांबवून म्हणाली, "कंठा उलटा होता."

"माहीत आहे," मी म्हणाले. माझ्या त्या वयातलं ते एकच "माहीत आहे" खरं होतं.